सहाव्या महिन्याचं रक्त

"काका, या वेळी रिपोर्ट चांगलाच येणार. लावता पैज?" शेजारची शाल्मली म्हणाली. "हरेल त्याने पार्किंगमध्ये दहा उठाबशा!"

"लाव की! बिघडणारच," मी टवाळी केली. खरं तर मला हरायचंच होतं. तिला ल्युपस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तो आजार. सहा महिने रक्त शांत राहिलं तर बाळाचा विचार करा, असं डॉक्टर म्हणाले होते. हा सहावा महिना. सांधे दुखत नव्हते, ताप नव्हता, पोरगी नुसती उड्या मारत होती.

रिपोर्ट आला. रक्तातलं सी-थ्री नावाचं प्रथिन निम्म्यावर घसरलेलं. डॉक्टर म्हणाले, आजार आतून पुन्हा पेटलाय, बाळ आता नको.

संध्याकाळी ती कान धरून पार्किंगमध्ये उभी राहिली. "सोड गं, वेडे," मी म्हटलं. ऐकेना. सगळ्यांदेखत दहा काढल्या. धापसुद्धा लागली नाही.

"बघा की काका," ती म्हणाली, "काय झालंय मला?"