पाळत

इंग्लंडच्या एका विनोदी मालिकेतल्या धांदरट गुप्तहेरांची फजिती मोबाइलवर पाहून ललिताबाई पोट धरून हसायच्या. पण नवरा ताराचंद दर मंगळवारी काही न सांगता पवनीहून भंडाऱ्याला जाऊ लागला, तेव्हापासून त्यांना घास गोड लागेना. "कुठं जाऊन राहिले?" असं विचारलं की उत्तर एकच, "काम आहे."

चौथ्या मंगळवारी सुनेचा स्कार्फ तोंडाला गुंडाळून त्या त्याच एसटीत मागच्या सीटवर बसल्या. पुढे बसलेल्या ताराचंदने एकदाही वळून पाहिलं नाही. कंडक्टर येताच त्या हळूच म्हणाल्या, "भंडारा, एक."

"काकू, तुमचं तिकीट समोरच्या काकाजींनी काढलं," तो म्हणाला. "सांगत होते, आज बायको संगं आहे, तं दवाखान्यात जायले भेव नाही वाटून राहिलं."