वाऱ्याविरुद्ध आलेला चेंडू

मैदानाच्या भिंतीपलीकडे समुद्र, त्यामुळे सामना असला की हानुस खाली होडीत बसून वाऱ्याने उडालेले चेंडू वेचायचा. वीस वर्षांत त्याने एकही गोल पाहिला नव्हता. आज फेरो बेटांच्या महिला संघातून त्याची लेक सोलरुन पहिल्यांदाच खेळत होती. वर ओरडा झाला. "एल्स्पा, गोल कुणाचा गं?" त्याने भिंतीवर विणत बसलेल्या बहिणीला विचारलं. "बाही होऊ दे, मग सांगते." तेवढ्यात धपकन चेंडू होडीशेजारी पडला. हानुस चक्रावला. वारा तर समुद्राकडून होता. चेंडू इकडे येईलच कसा? "कुणी मारला?" एल्स्पाने अखेर सुया खाली ठेवल्या. "तुझ्या लेकीने. आधी गोल मारला, मग तोच चेंडू मुद्दाम तुझ्याकडे धाडला. पंचाने पिवळं कार्ड दाखवलं. चेंडू टाक, सगळे थांबलेत." "थांबू देत," म्हणत हानुस ओला चेंडू मांडीवर घेऊन बसला.