सहाव्या मजल्यावरचा दिवा

मीटर खोटं बोलत नव्हतं. सहाव्या मजल्यावर आठवडाभर एकही पाहुणा नव्हता, तरी तिथे एक दिवा अष्टौप्रहर जळत होता.

तैवानच्या कीलुंग बंदरातल्या त्या हॉटेलात पर्यावरण विभाग म्हणजे एकट्या लाय बाई. उद्या 'हरित हॉटेल' प्रमाणपत्रासाठी तपासणी होती. ते हुकलं तर विभाग बंद. फलकावरची त्यांची सूचना, 'रिकाम्या खोलीत दिवा नको, जिन्यातही नको', पिवळी पडली होती. सूचना न वाचल्यानेच पिवळ्या पडतात, असा त्यांचा अनुभव होता.

६०३ पाशी सफाईवाल्या आ-श्यू मावशींनी दारावर तीनदा टकटक केली. "माफ करा हं, जरा त्रास देते."

"आत कोण आहे?" सोबतच्या नव्या सफाईवालीने विचारलं.

"कोणी नाही. म्हणून तर! जिवंत माणूस असेल तर घंटी वाजवायची. नसेल तर ठोठावायचं आणि माफी मागायची."

"मावशी, तो दिवा कुठे जळतोय?" लाय बाईंनी विचारलं. मावशी उशीचा अभ्रा बदलत राहिल्या. पर्यावरण विभागाला कोणी उत्तर देत नसे. त्याचीही बाईंना सवय होती.

मीटरचा कागद फडकवत व्यवस्थापक वू साहेब आले.

"मावशी, तो दिवा आज विझवा."

"मी नाही! जिन्यात अंधार केला होता तेव्हा कोण पडलं, विसरलात?"

साहेबांनी मान खाली घातली. "उद्याची तपासणी होईपर्यंत तरी. आपल्या सगळ्यांच्या पोटाचा प्रश्न आहे."

"बरं. पण सांगून विझवीन. न सांगता नाही."

लाय बाईंना हायसं वाटलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी त्यांचे आकडे मनावर घेतले होते. तरी खात्री असावी म्हणून त्यांनी ६०१ ते ६१२, सगळ्या खोल्या स्वतः पाहिल्या. एकूण एक खोलीत काळोख.

मग मजल्याच्या टोकाला असलेल्या आपल्या कार्यालयात येऊन त्या टेबलावरच्या दिव्याखाली अहवाल लिहायला बसल्या. दुसऱ्यांचे दिवे मोजणाऱ्याने स्वतःचा मोजायचा नसतो, हा सगळ्याच कचेऱ्यांचा रिवाज.

बाहेर पावलं थांबली. दाराशी घंटी होती, बाईंनीच हौसेने बसवून घेतलेली.

टक. टक. टक.

"माफ करा हं, लाय बाई," मावशींचा आवाज आला, "साहेबांचा हुकूम आहे, दिवा विझवते."