गाडीची खोड

गणपतरावांनी चावी फिरवली. एरवी खोकत, धूर ओकत जागी होणारी जुनी फियाट आज शहाण्या सुनेसारखी मुकाट सुरू झाली. गणपतरावांच्या कपाळाला आठी पडली.

"सम्राटनं हिला काय पाजलंय?" त्यांनी ओसरीवर उभ्या असलेल्या सुनेला विचारलं.

संयोगितानं नजर चुकवली. काल संध्याकाळी तिच्या नवऱ्यानं इंजिनातलं जुनं तेल काढून नाक्यावरच्या मिस्त्रीनं दिलेलं काकवीसारखं जाड तेल ओतलं होतं आणि तो शिरोलीच्या कारखान्यात पाळीवर निघून गेला होता. जाड तेलानं झिजल्या इंजिनाची टकटक दबते, धूरही चार दिवस बसतो. तेवढ्यात गाडी विकून मोकळं व्हायचं. कागलकडचं गिऱ्हाईक थोड्या वेळात येणार होतं.

"आजचा दिवस जाऊ द्या की तात्या," ती म्हणाली. "ही गेली तरच व्हॅन येतीया. व्हॅनवाला आज सांजंपतूरच थांबतो म्हणलाय."

व्हॅनचं खूळ तिचंच होतं. कळंब्यातली पोरं शाळेत सोडायची आणि आणायची. लायसन्स काढून झालं होतं, बऱ्याच घरांनी शब्दही दिला होता. बाईच्या गाडीत पोरं कोण घालणार म्हणून गल्ली हसली होती. तेव्हा याच सासऱ्यानं तिला याच फियाटवर, तळ्याच्या रस्त्यानं, घसा फुटेस्तोवर ओरडत गिअर टाकायला शिकवलं होतं.

गणपतरावांनी गाडी बंद केली, बॉनेट उघडलं, तेलाची पट्टी ओढली आणि टोकाचा थेंब बोटावर घेतला. थेंब काही ओघळेना.

"म्हातारीला खोकला झाला म्हणून तोंडात बोळा कोंबत्यात व्हय गं? थंडीच्या दिसात हे तेल वेळंवर वर चढायचं न्हाय. रोज सकाळी वरचं लोखंड कोरडं घासणार. आन् एक दिवस इंजिन बसंल, त्या पावण्याच्या दारात."

"मग गाडी नेल्यावर फोन करून सांगू की, तेल बदला म्हणून. त्यांच्या दुकानात फोन हाय."

"नेल्यावर?" गणपतरावांनी तिच्याकडं पाहिलं. "बैलाची खोड कधी सांगत्यात? दावं सोडायच्या आधी."

हा त्या घराचा जुना शिरस्ता. हा बैल लाथ मारतो, तो पाण्यात बसतो, हे बाजारात सौद्याच्या आधी सांगायचं. लोक येडे म्हणायचे, आणि याच घरचा बैल डोळे मिटून न्यायचे.

माळ्यावरून त्यांनी वीस-चाळीसचा डबा काढून आणला. गाडीला इतकी वर्षं मानवलेलं, ना पातळ ना जाड असं तेल. मग ते थांबले.

"माझं गुडघं वाकत न्हाईत. खालचा बोल्ट तुलाच काढाय लागंल. पण व्हॅन तुझी हाय. न्हाय म्हणलीस तर मी रागवायचा न्हाय."

संयोगिताला असा राग आला, असा राग आला, की तेवढा लग्नातल्या मानपानावरूनही आला नव्हता. रागवले असते तर सोपं गेलं असतं. तिनं पदर खोचला, पान्हा उचलला, घमेलं ढकललं आणि ती गाडीखाली शिरली.

नवं तेल ओतून होतंय तोवर गिऱ्हाईक दारात आलं. प्रभुलिंग त्याचं नाव, बियाण्याचा व्यापारी. आईला एसटीची पायरी चढवत नाही, म्हणून गाडी हवी होती.

गणपतरावांनी चावी फिरवली. फियाट खोकली, टकटकली आणि निळ्या धुराचा एक लोट तिनं थेट प्रभुलिंगच्या पांढऱ्या लेंग्यावर सोडला. संयोगितानं डोळे मिटून घेतले. व्हॅन गेली!

"ही तेल पिती," गणपतराव मोठ्यांदा म्हणाले. "रोज सकाळी पट्टी बघायची. कमी दिसलं की वीस-चाळीस घालायचं. कुणी जाड घाल म्हणलं तर ऐकायचं न्हाय. एवढं पाळा आन् आईला घेऊन कुठंबी जावा."

प्रभुलिंगनं गाडीभोवती एक फेरी मारली. बाजूच्या घमेल्यात बोट बुडवून तेल चोळून पाहिलं, आणि मग त्याची नजर संयोगिताच्या कोपरापर्यंत माखलेल्या हातांवर गेली.

"हे तेल तुम्ही काढलासा, अक्का?"

"व्हय."

"का?"

"तात्यांचं गुडघं वाकत न्हाईत," ती म्हणाली.

प्रभुलिंग खदखदून हसला. "चार गाड्या बघून आलोय. चारी गप्प हुत्या. ही एकटी बोलली बघा. द्या चावी."

गणपतरावांनी चावी लगेच दिली नाही. घामानं काळी पडलेली चामड्याची वादी त्यांनी चावीपासून सोडवली आणि मुठीत ठेवली. जनावर विकलं तरी दावं द्यायचं नसतं. प्रभुलिंगलाही ते ठाऊक होतं. त्यानं पैसे मोजून दिले, नुसती चावी घेतली आणि वादीला हात जोडले.

धूर सोडत फियाट गल्लीच्या वळणावरून दिसेनाशी झाली. गणपतरावांनी वादी सुनेपुढं धरली.

"व्हॅनच्या चावीला लाव."

एवढ्या मोठ्या मनाच्या माणसाला आपण आजवर नुसता आरडाओरड करणारा सासरा समजत होतो, असं तिच्या मनात आलं. हात पुढं करता करता तिला त्यावरचं तेल दिसलं. ती घाईघाईनं ते पदराला पुसायला गेली.

"ऱ्हाऊ दे," गणपतराव म्हणाले. "चामड्याला जाड तेलच मानवतं."