बारशाला पांढरं

"अगंबाई, बारशाला पांढरं? विहीणबाई, कुणी गेलं की काय?" आत्यासासूबाई दारातच म्हणाल्या आणि सगळा हॉल हसला.

आईही हसली. तिच्या हातात मेणबत्त्यांचा पुडा होता. नाव ठेवण्याआधी लेकीच्या कानावर त्रिशरण घालायचं, एवढंच मी सासरी मागून घेतलं होतं. आणि बुद्धवंदनेला आई कायम पांढरीच साडी नेसते. विहारात सगळ्याच नेसतात.

हे मी तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. पण पाहुणे बघत होते, आणि माझ्या तोंडून निघालं, "आई, आत कपाटात माझी हिरवी काठाची आहे. ती नेसून ये ना."

तिने माझ्याकडे एकदाच पाहिलं. "नेसते की," म्हणाली आणि आत गेली.

ती हिरव्या साडीत बाहेर आली तशा सासूबाई खूश झाल्या. "आता कशा शोभता! हं, म्हणा तुमचं काय ते. पाच मिनिटं थांबतो आम्ही."

आईने मेणबत्त्या पिशवीत टाकल्या. "राहू दे," ती म्हणाली. "बाळ झोपलंय."

पाळण्यात माझी लेक टक्क जागी होती, आजीकडे बघून पाय झाडत होती.