एक पाय पांढरा

कुंडलिकनानांना काळं मांजर हवं होतं. वय तीन वर्षं. पुढचा डावा पाय पांढरा, बाकीचे तिन्ही काळे. नाव मनी. आणि हे सगळं रविवारच्या आत.

आळेफाट्याला गॅरेजांच्या मागं बेवारस जनावरं सांभाळणारी एक संस्था होती. तिथल्या समृद्धी नावाच्या मुलीला हे सांगताना नानांनाच वाटलं, आपण चपलेचा नंबर सांगतोय.

पण इलाज नव्हता. बायको ठमाबाई गेल्यापासून मुलगा भरत त्यांना चाकणच्या फ्लॅटवर कायमचा नेतो म्हणत होता. नाना एकदा पंधरा दिवस राहूनही आले. सून बिचारी चांगली, पण सकाळी उठून बघायला समोर काय, तर दुसऱ्याची गॅलरी. आपलं डिंगोरं गाव सोडायचं त्यांच्या जिवावर येई. हे पोराच्या तोंडावर कसं म्हणायचं? म्हणून फोनवर त्यांनी एक मांजराचं पिल्लू पाळलं. "मनीला कोण बघंल?" एवढ्यावर तीन वर्षं निघाली. फोन बटणांचा, त्यामुळं फोटोची भानगड नव्हती. मधल्या काळात नानांनी मनीला दोनदा बिबट्यापासून वाचवलं आणि एकदा तिचं बाळंतपणही केलं.

बुधवारी भरतचा फोन आला. रविवारी येतो म्हणाला, मनीला बघायचंय एकदा. मग इकडचं तिकडचं बोलताना सोसायटीत कुणीतरी आळेफाट्याच्या संस्थेतून मांजर आणल्याचंही सांगितलं. नानांनी फोन ठेवून खंडोबाला हात जोडले. पोरगं नकळत वाट दाखवून गेलं होतं.

नानांच्या आधी एक जण कुत्रं न्यायला आला होता. त्याच्याकडून तीन पानी फॉर्म भरून घेतला, कुंपणाचे फोटो मागितले. नानांना मात्र समृद्धीनं एवढंच विचारलं, की रात्री घरात घेणार ना?

"बिबट्याच्या मुलखात बाहेर कशाला ठेवीन, ताई?"

ती आत गेली आणि मांजर घेऊन आली. काळं. पुढचा डावा पाय पांढरा.

"मनी?" नाना भीतभीत म्हणाले. मांजरानं मान वर केली.

नानांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी त्या मुलीला वाकून नमस्कारच केला.

"अहो बाबा, मला नका," समृद्धी म्हणाली आणि गडबडीनं पिशवीला भोकं पाडायला लागली. आजकालच्या पोरींत एवढा नम्रपणा उरलाय म्हणून नाना एसटीत बसल्यावरही तिचे आभार मानत राहिले. शेजारच्या बाईला वाटलं, तिचेच मानताहेत. ती म्हणाली, असू द्या.

शनिवारी संध्याकाळी मनी दूध पिऊन पाय चाटत बसली, आणि बघता बघता तिचा पुढचा उजवा पायही पांढरा झाला.

नानांनी चष्मा पुसला. पाय पांढराच. संस्थेत अंघोळ घालत नसतील, मळ निघाला असेल. पण तीन वर्षं भरतला एक पाय सांगितलेला. आता दुसरा कुठून आला म्हणायचं? त्यांनी तुपाचा दिवा लावला, वर ताटली धरली आणि काजळ पाडलं. मनीनं रोजचंच असल्यासारखा पाय पुढं केला. इतकं गुणी जनावर दिल्याबद्दल नानांनी खंडोबाला आणखी एक नारळ कबूल केला.

रविवारी भरत एकटाच आला. तो टेकतो न टेकतो तोच मनी खाटेखालून निघाली आणि सरळ त्याच्या मांडीवर चढली.

"माणसाळलेली हाय," नाना घाईनं म्हणाले.

भरतनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. ती उठली, तेव्हा त्याच्या पँटवर एक काळा पंजा उमटला होता. भरतनं पँटकडं पाहिलं, मग मनीच्या पायाकडं, मग नानांकडं. मनातल्या मनात नानांनी फ्लॅटवर न्यायचं धोतरही पिशवीत घातलं. मग तीन वर्षं अडलेलं एकदाचं बाहेर पडलं.

"पोरा, मला हितंच ऱ्हाऊ दे."

"ऱ्हावा की, नाना. मी कुठं नेतोय?"

भरतनं खिशातून काजळाची अर्धी संपलेली डबी काढून नानांच्या हातात दिली.

"ही असू द्या. मागच्या दोन पायांना मी लावलेलं बी आता दोन दिवसांत निघंल."