उपसा

"नाकानं श्वास घ्यायचा नाही. नळी दातांत धरायची आणि तोंडानंच घ्यायचा," ज्ञानदेवनं तिसऱ्यांदा बजावलं आणि अंजनाच्या तोंडावर काचेचा तो रबरी चष्मा चढवला. पोरगी पार बेडकासारखी दिसायला लागली. धाकटा सुगत तिला बघून हसत सुटला.

ज्ञानदेव मुंबईच्या गोदीत पाणबुड्यांच्या हाताखाली होता. एकानं टाकून दिलेला हा चष्मा आणि नळी त्यानं वर्षभर ट्रंकेत जपून ठेवली होती. सुट्टीत गावाला गेलं की पोरांना पाण्याखालचं दाखवायचं, असं त्याच्या मनात होतं. पण पंचाहत्तर सालच्या त्या मे महिन्यात घोडनदीत घोटाभर पाणी नव्हतं. शिरूरच्या स्टँडवर शाळेतला सोबती साहेबराव भेटला आणि अडचण सुटली. "माझ्या मळ्यातली हीर हाय की! पोरांना घिऊन ये. आता कोण पाळतंय रं ते जुनं?" असं तो चारचौघांत म्हणाला.

बायको, ललिता, म्हणाली होती, "राहू द्या की. नदीला पाणी आलं की बघू." ज्ञानदेवनं ऐकलं नाही. त्याच्या लहानपणी बौद्धवाड्यातली पोरं या विहिरीच्या वीस पावलं अलीकडे थांबायची. तिथून त्यानं दुसऱ्यांचे सूर मोजले होते. मुंबईत जन्मलेल्या आपल्या पोरांना त्यानं यातलं अक्षर सांगितलं नव्हतं. सांगायची पाळीच येऊ नये, एवढीच त्याची धडपड होती.

पोरांच्या पाठीला रिकामे डबे बांधलेले, कमरेला दोर, आणि दोरांची टोकं खालच्या पायरीवर बसलेल्या ज्ञानदेवच्या हातात. अंजनानं पाण्यात तोंड घातलं. नळीतून घर्र घर्र आवाज येत राहिला. मग ती एकदम वर आली.

"बाबा, खाली कासव आहे! आणि कुणाची तरी कळशी पडलीय. सगळं दिसतंय!"

"मला दे, मला दे," सुगत पाय आपटू लागला.

वर काठावर बसलेला साहेबराव खदखदा हसला. "आरं, माझ्याच हिरीतलं कासव मी कवा बघितलं न्हाई!" ज्ञानदेवला इतकं बरं वाटलं की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ललिताला उगीच भीती, असं त्याच्या मनात आलं.

तेवढ्यात साहेबरावची आई, रतनबाई, घागर घेऊन आली. तिनं विहिरीत डोकावून पाहिलं. पाण्यात सुगत होता, तोंड खाली घालून तरंगत होता. रिकामी घागर तशीच कमरेला लावून ती वस्तीकडे परत गेली. जरा वेळानं तिकडून हाक आली आणि साहेबराव उठून गेला.

परत आला तो हसत नव्हता. "चला, या वर. इंजान लावायचंय."

"आत्ता? भर दुपारी?"

"उसाला पाणी द्यायचंय."

पोरं कुरकुरत वर आली. साहेबरावनं हँडल मारलं, इंजिन फटफटू लागलं आणि पाइपातून पाण्याचा लोट बाहेर पडला. दोघांनी ते पाहिलं मात्र, कुरकुर विसरून धारेखाली धावली. एकमेकांना ढकलत, किंचाळत, चिखलात लोळत ती नाचू लागली.

ज्ञानदेव पाटाच्या कडेनं चालत गेला. उसाला पाणी जात नव्हतं. उसाच्या सऱ्या सकाळच्याच पाण्यानं भरलेल्या होत्या. पाट मधेच फोडला होता आणि पाणी नांगरून पडलेल्या मोकळ्या रानात सुटलं होतं. तापलेली ढेकळं ते पिऊन टाकत होती. तो परत आला तेव्हा विहिरीतल्या चार पायऱ्या नव्यानं उघड्या पडल्या होत्या.

"साहेबराव, किती उपसणार हायस?"

साहेबराव इंजिनाकडेच बघत राहिला. "म्हातारीचं देवाचं पाणी असतंय रं. सकाळपत्तूर झऱ्याला नवं पाणी येतंय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "पोरांना कळलं का काय? न्हाई ना? मग झालं की."

ज्ञानदेवच्या तोंडावर शिव्या आल्या होत्या. पण धारेखाली पोरं हसत होती. त्यानं शिव्या गिळल्या आणि पोरांचं मन भरेपर्यंत, जवळजवळ तासभर, तो उन्हात उभा राहिला. आपण चष्म्याची काच पुसतो आहोत असं दाखवत.

ललिता दारातच वाट बघत होती. अंजना लांबूनच ओरडत गेली, "आई, ते काका इतके चांगले आहेत! आम्हाला खेळायला त्यांनी अख्खी विहीर उपसली!"

ललितानं ज्ञानदेवकडे पाहिलं. तो खाली मान घालून चपलांचा चिखल काढत बसला.

"उद्या तू पण चल," सुगत तिला म्हणाला.

दांडीवरचं धडपं ओढून तिनं त्याला पुढ्यात घेतलं आणि त्याचं ओलं डोकं पुसू लागली. मग मान, मग पाठ. तिचा हात थांबेना. पोराची पाठ लाल झाली तरी ती रगडतच होती.

"आई, हळू ना!" सुगत कळवळून म्हणाला. "मी काय घाण आहे का?"